राहून राहिलो

"म्हणजे राहूनच गेलात म्हणा की," असं म्हणून विमा कंपनीचे सर्वेअर निमकर साहेब हसले, आणि कागदावर काहीतरी खरडून त्याच्याखाली त्यांनी पेन्सिलीची एक रेघ ओढली. झालं ते एवढंच. पण रुपरावांची नजर त्या रेघेवरून हलेना. जळलेल्या स्वयंपाकघरात दोघे उभे होते. भिंती धुरानं काळ्या पडलेल्या, ओट्याची फरशी तडकलेली, आणि खिडकीतून सीताबर्डीच्या हॉर्नांचा गोंगाट आत येत होता. साहेबांनी साधाच प्रश्न विचारला होता, सध्या कुठं राहता म्हणून. रुपरावांनीही साधंच उत्तर दिलं, "साळ्याकडे राहून राहिलो." नागपुरात यापेक्षा वेगळं कोण काय बोलणार? माणूस जेवत असला की जेवून राहिलो म्हणतो आणि जेवण झालं की हात धुऊन उठतो. पानावर जन्मभर बसून राहिलो असा त्याचा अर्थ कोणी काढत नाही. पण साहेब पडले साताऱ्याकडचे, बदली होऊन नुकते आलेले. ते हसले आणि त्यांनी रेघ ओढली. माणूस हसला तर हसू द्यावं, पण हसता हसता रेघ काहून ओढली? जिना उतरेपर्यंत रुपराव तीच रेघ डोळ्यांसमोर धरून होते.

आता संशय हा रुपरावांचा काही नवा रोग नव्हता. त्यावर त्यांचं पोट चालत होतं. संत्र्याच्या बाजारात पंचवीस-तीस वर्षं दलाली केलेला माणूस पेटीच्या वरच्या थराकडे बघत नाही, हात खाली घालून तळाचं फळ काढून बघतो. सौदासुद्धा तिथे तोंडानं होत नाही. दोघं समोरासमोर उकिडवे बसतात, हातांवर रुमाल टाकतात, आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात. वर तोंडानं पावसापाण्याच्या, पोरांच्या लग्नाच्या गप्पा चाललेल्या असतात आणि खाली बोटं खरं काय ते बोलत असतात. या पद्धतीत रुपरावांचा हात बाजारात नावाजलेला होता. समोरच्याचा तळवा किती ओला झाला यावरून तो अजून किती वर जाईल हे त्यांना कळे. पण त्याचं झालं असं, की बाजारातून घरी आल्यावरही रुमाल काही सुटला नाही. कोणी गोड बोललं की त्याच्या रुमालाखाली किती बोटं आहेत हे रुपराव मनातल्या मनात चाचपू लागत. सासरे नरखेडकडून संत्र्यांची टोपली घेऊन यष्टीनं यायचे आणि पाण्याचा तांब्यासुद्धा सोबत आणायचे, पोरीच्या घरचं पाणी तोंडाला लावत नसत. लेक शोभी झाली, नात मांडीवर घेतली, तेव्हा कुठं म्हातारा या घरचं पाणी प्याला. तोवर दोन वर्षं रुपराव हेच धरून बसले होते, की म्हाताऱ्याला आपल्या घरची किळस आहे. बायकोनं, प्रेमिलानं, समजावून सांगितलं, लेकीच्या घरचं काही घ्यायचं नसतं, लेकीला द्यायचंच असतं. रुपरावांनी मान हलवली, पण असं फुकट देणारा माणूस त्यांनी बाजारात कधी पाहिला नव्हता.

तर आग लागली ती खालच्या गादीवाल्याच्या दुकानात. कापसाला ठिणगी लागली आणि बघता बघता धूर जिन्यातून तिसऱ्या मजल्यावर आला. माणसं वाचली, पण रुपरावांचं स्वयंपाकघर गेलं, मोरी गेली, विजेच्या तारा वितळून लोंबू लागल्या. तिथं राहणं शक्यच नव्हतं. ब्लॉक होता लीजवरचा. जागा आणि भिंती भैयाजींच्या, म्हणजे इमारतीच्या मालकाच्या, आणि रुपरावांचा तिथं तीस वर्षं राहण्याचा हक्क. भिंतीची डागडुजी भैयाजींनी करायची, आत सामानाचं काय ते रुपरावांनी बघायचं. करारात एक ओळ होती, की भाडेपट्टा घेणाऱ्यानं कायमचं दुसरीकडे बस्तान हलवलं तर जागा मालकाकडे परत जाईल. ही ओळ रुपरावांनी सही करायच्या आधी इतक्यांदा वाचली होती, की ती त्यांना झोपेतही म्हणता आली असती. आणि म्हणूनच, बाजारात विमा विकत फिरणारा ताराचंद जेव्हा म्हणाला की रुपरावजी, घर जळालं तर दुरुस्ती होईस्तोवर दुसऱ्या घराचं भाडं कंपनी देईन, तेव्हा सगळ्या दलालांत हे कलम घेणारे रुपराव एकटे निघाले. बाकीचे हसले होते. ज्याचं घर कधी जळायचं नाही, त्याला दुसऱ्या घराची काळजी! आग लागल्यावर रस्त्यावर उभं राहून, डोळ्यांत धूर गेलेला असताना, रुपरावांना पहिल्यांदा जे वाटलं ते समाधान होतं. हे त्यांनी प्रेमिलाला कधीच सांगितलं नाही.

पण घर भाड्यानं घेतलं कुठं? घेतलंच नाही. रस्त्यावर उभे असतानाच प्रेमिलाचा भाऊ गिरिधर रिक्षा घेऊन आला आणि बहिणीला म्हणाला, बस. त्याचं घर सक्करदऱ्याला, तीन खोल्यांचं, पुढे लिंबाचं झाड. गावात सख्खा भाऊ असताना बहीण भाड्याची खोली शोधत फिरली असती तर लोक त्या भावाच्या तोंडात शेण घालायला कमी करते ना. आणि प्रेमिलाही अशी काही रिक्षात बसली, की जणू कोण्या सणालाच निघाली आहे. अंगावर धुराचा वास, हातात देवांचं गाठोडं, आणि तोंडावर मात्र कसली तरी सुटका. रुपरावांनी ती सुटका बघितली आणि लक्षात ठेवली. इथं आल्यापासून ती बदललीच होती. सीताबर्डीच्या ब्लॉकमध्ये गप्प गप्प असणारी बाई इथं सकाळी ओसरीत पाय पसरून बसायची, गिरिधरच्या बायकोशी, कौशल्याशी, हसत बोलायची. रोज संध्याकाळी कौशल्या स्वयंपाकघराच्या दारातून विचारी, "ताई, आज काय करू?" आणि प्रेमिला लहान पोरीसारखी आवडीनिवडी सांगे, आज पाटवडीचा रस्सा कर, आज भरीत कर. पाहुण्याला एखादा दिवस विचारतात, दोन दिवस विचारतात. ही बाई रोज काहून विचारते? धुतलेला टॉवेल पहिले आपल्यालाच का? कूलरसमोरची खाट आपल्याला, आणि गिरिधर गच्चीवर उकाड्यात. कोणत्या भावानं हा सौदा चालला आहे?

भाव काय असणार हे रुपरावांनी दोन दिवसांत ताडलं. नरखेडची संत्र्याची बाग. सासरे जाऊन सहा वर्षं झाली होती आणि बागेत प्रेमिलाचाही हिस्सा निघत होता. बहिणीची सही घेतल्याशिवाय भावाला बाग पुरी आपल्या नावावर करता येणार नव्हती. म्हणजे हे टॉवेल, ही खाट, हा पाटवडीचा रस्सा, सगळा रुमाल होता. खाली बोटं दबत होती आणि ती भोळी बाई हसत होती. रुपराव मुकाट्यानं रस्सा ओरपत आणि गिरिधरच्या हातांकडे बघत. शाळेत कवायत शिकवणारा माणूस, हात जाडजूड, सरळ. काही कळत नसे. जो हात वाचता येत नाही त्याची रुपरावांना सगळ्यात जास्त धास्ती वाटे.

आणि आता वरून ही रेघ. निमकर साहेब गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी रुपराव ब्लॉक बघायला गेले तर जिन्यात भैयाजी भेटले. पांढरं धोतर, तोंडात पान. दुरुस्ती कधी सुरू होणार विचारल्यावर भैयाजींनी पानाची पिंक सावकाश टाकली आणि म्हणाले, होईन जी, सामान येऊन राहिलं. तुमी तं साळ्याकडं मजेत हा, तुमाले कायची घाई? रुपरावांच्या मनात एका क्षणात सगळं जुळलं. याला कोणी सांगितलं आपण साळ्याकडे आहोत ते? सर्वेअरनं. आणि सर्वेअरच्या कागदावर काय लिहिलं आहे, तर इसम साळ्याकडे राहूनच गेला. कंपनीच्या कागदावर बस्तान कायमचं हललेलं, म्हणजे करारातली ती ओळ लागू, म्हणजे ब्लॉक भैयाजींचा. किती गुळगुळीत काम! जिन्याच्या कोळशाच्या वासात रुपराव कठड्याला धरून उभे राहिले. या घरासाठी त्यांनी जन्मभर रुमालाखाली बोटं झिजवली होती. शोभी याच घरातून भिवापूरला सासरी गेली होती, आणि दिवाळीला ती पोर घेऊन येणार ती इथंच. हे घर गेलं तर ती कोणाच्या दारात उतरणार? मामाच्या? त्यांना भीती वाटत होती, चक्क भीती, आणि ती भीती आहे हे न ओळखता ते तिला हुशारी समजत होते.

ताराचंदला त्यांनी बाजारातच गाठलं. त्यानं सांगितलं ते सरळ होतं, की दुसरीकडे भाड्यानं राहत असाल तर कंपनी भाडं भरून देईल, पण पाहुणे म्हणून राहत असाल तर भरून द्यायला आहेच काय? पुढच्या आठवड्यात निमकर साहेब सक्करदऱ्याला येऊन खात्री करणार आहेत, एवढंही तो म्हणाला. ब्लॉकचं काय, हे रुपरावांनी विचारलंच नाही. आपलं दुखणं समोरच्याला दाखवलं की तो भाव चढवतो. त्यांनी मनाशी हिशेब लावला, की कंपनीनं एकदा हे राहणं भाड्याचं म्हणून धरलं की ते आपोआप तात्पुरतं ठरलं, आणि तात्पुरतं ठरलं की भैयाजींचा डाव तिथंच मेला. पैशाचा प्रश्नच नव्हता. पाहुणा की भाडेकरू, या एका शब्दावर घर उभं होतं.

संध्याकाळी गिरिधर लिंबाखाली सायकल पुसत होता. रुपरावांनी घसा खाकरून विषय काढला, की आम्ही दर महिन्याला काहीतरी भाडं देत जाऊ, तू घेत जा. गिरिधर आधी हसला. मग रुपराव हसत नाहीत हे बघून त्याचा चेहरा उतरला.

"ताईकडून भाडं घेऊ मी?" तो म्हणाला. "भाऊजी, बापू वरून पाहून राहिले. असं बोलू नका गा."

कंपनीसाठी, नुसतं म्हणण्यापुरतं, असं रुपरावांनी दोन-तीन वाटांनी सांगून पाहिलं. तो मान खाली घालून चाकाची एकच तार पुसत राहिला. नाही म्हणजे नाही. भाडं घेतलं असतं तर उपकार फिटले असते, हिशेब मिटला असता, मग बागेच्या सहीसाठी तोंड कुठून उघडणार? रुपरावांना सगळं आरशासारखं स्वच्छ दिसत होतं. रात्री जेवताना त्यांनी प्रेमिलाला हळूच सांगितलं, साहेब आले तर भाड्यानं राहतो असं सांग. तिचा घास हातातच राहिला. पुढे आठवडाभर तिनं त्या गोष्टीचं नाव काढलं नाही. ती नाव काढत नाही याचाही रुपरावांनी अर्थ लावला. हिला परत जायचंच नाही. इथं लिंबाची सावली आहे, विचारणारी भावजय आहे. तिथं तिसरा मजला, आणि मी.

निमकर साहेब आले ते भर दुपारी, डोक्याला रुमाल बांधून, घामाघूम. कूलरचा घरघराट चालला होता, वाळ्याचा ओला वास खोलीभर होता. कौशल्यानं कैरीचं पन्हं दिलं. साहेब खाटेवर बसले. समोरच्या बाकड्यावर रुपराव आणि प्रेमिला, आणि दाराच्या चौकटीला टेकून गिरिधर, दुपारची शाळा बुडवून. साहेबांनी इकडचं तिकडचं विचारलं, उन्हाला नावं ठेवली, मग कागद काढला आणि रुपरावांना सोडून ते थेट प्रेमिलाकडे वळले. बाई, इथं तुम्ही कशा राहता? पाहुण्या म्हणून, की भाड्यानं?

प्रेमिलानं भावाकडे पाहिलं. गिरिधर जमिनीकडे बघत होता. बाकड्यावर दोघांच्या मधे तिच्या पदराचं टोक पसरलं होतं, आणि रुपरावांचा हात, त्यांनी न सांगता, त्या पदराखाली गेला आणि त्यानं तिचा हात पकडला. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. चारचौघांत त्यांनी बायकोचा हात असा कधीच धरला नव्हता. धरला आणि सवयीनं दाबला, एक बोट, मग पुन्हा तेच एक बोट, घट्ट, सौदा तुटायला आला की दाबतात तसं. तिला त्या भाषेतलं काही येत नव्हतं. पण ती दचकली, आणि तिनं नवऱ्याकडे एकदा नीट पाहिलं. मग ती साहेबांना म्हणाली, "भाड्यानं राहून राहिलो."

आवाज अगदी साधा होता. दारातला गिरिधर हलला नाही. साहेबांनी त्याला विचारलं, हे खरं ना? आणि तो माणूस, ज्यानं आठवडाभर मान वर केली नव्हती, बहिणीकडे बघत म्हणाला, "ताई म्हणते तं खरंच हाय."

साहेब लिहू लागले आणि लिहिता लिहिता हसले. तुमचं ते राहून राहिलो, म्हणाले, मी तर टिपूनच घेतलं होतं त्या दिवशी, खाली रेघ मारून. घरी सांगितलं तर आमची मंडळी अजून हसतेय, दिवसभर सगळी कामं करून राहिलेय म्हणते. मग कागद घडी करून उठताना, दाराशी चपला घालता घालता, आणखी सहज बोलून गेले, की तुमच्या ब्लॉकमध्ये काल सुतार कामाला लागलेत, तुमचे भैयाजी भला माणूस दिसतो, महिन्याभरात घर हातात येईल. रुपरावांनी विचारलं, की पाहुणे म्हणून राहिलो असतो तर ब्लॉकला काही धोका होता का? साहेबांना प्रश्नच कळेना. धोका कसला? म्हणाले, ब्लॉक तुमचा तो तुमचाच, भावाकडे राहा नाहीतर धर्मशाळेत राहा. फक्त भाडं मिळालं नसतं, दुसरं काय. आणि डोक्याला रुमाल बांधून ते उन्हात निघून गेले.

म्हणजे रेघेखाली काहीच नव्हतं. भैयाजींच्या पानामागे काहीच नव्हतं. रुपराव तिथंच बाकड्यावर बसून होते आणि त्यांच्या हाताला पदराखालची ऊब अजून लागून होती. एकच रुमाल उरला होता, बागेच्या सहीचा, आणि तो खरा निघावा अशी त्यांना आता जवळजवळ आशा वाटू लागली. निदान एका जागी तरी आपण बरोबर असावं. गिरिधर आत आला, बहिणीसमोर उभा राहिला आणि त्यानं हात पुढे केला.

"ताई, भाडं दे," तो म्हणाला. "तू साहेबासमोर बोलली ना. तुह्या तोंडून निघालेलं खोटं नाई झालं पाहिजे."

प्रेमिला उठली, आत जाऊन आपल्या पिशवीतून एक नोट घेऊन आली आणि तिनं ती भावाच्या हातावर ठेवली. त्यानं ती घेतली. किती आहे हे त्यानं पाहिलं नाही. पण घेतली. त्या जाड, सरळ हाताची बोटं नोटेवर मिटत नव्हती, आणि हे मात्र रुपरावांना लांबूनही वाचता आलं. तरी त्यांच्या तोंडून निघालंच, की गिरिधर, बागेची सही पाहिजे असन तं तसं सांग गा, मोकळं बोल. गिरिधर त्यांच्याकडे असा बघत राहिला, की जणू या माणसाला आपण आज पहिल्यांदाच बघतो आहोत.

"बागेची सही ताईनं बापूच्या तेरवीलेच देली, भाऊजी," तो म्हणाला. "मी नको म्हणत होतो. तिनंच ऐकलं नाई. म्हणे, मले बाग नाई पाहिजे, यायले माहेरचं घर पाहिजे."

तो नोट घेऊन आत गेला. देवाच्या फळीवर काहीतरी ठेवल्याचा आवाज आला, मग सायकल काढल्याचा. प्रेमिलानं सहा वर्षं आपल्याला हे सांगितलं नाही, हा विचार जुन्या सवयीनं रुपरावांच्या मनात वर आला, फणा काढून बघू लागला, आणि मग त्याला चावायला काही सापडलं नाही. ते उठून तिच्याजवळ गेले नाहीत. खिडकीवरच्या वाळ्याच्या ताट्यांतून पाणी ठिबकत होतं. ऊन लिंबावरून उतरलं, भिंतीवरून उतरलं. संध्याकाळ झाली तशी स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज सुरू झाला. प्रेमिला ओसरीत बसली होती, तोंड आतल्या दाराकडे करून. रुपरावही जाऊन तिच्या बाजूला बसले आणि तेही ऐकू लागले. स्टोव्ह पेटला. फोडणी पडली, लसणाचा वास आला. कौशल्या दारात आली नाही. आज काय करू, असं तिनं विचारलं नाही. रागानं नव्हे. भाडेकरूला कोण विचारतं?

"तुमी उद्या त्या सुताराजवळ जाऊन बसा," प्रेमिला म्हणाली. "ते घर लवकर करून घ्या. मले आता दुसरीकडं कोठंच जायले नाई उरलं."

तिच्या आवाजात रडणं नव्हतं की राग नव्हता. रुपरावांनी तिचा हात हातात घेतला, आता पदराखाली नाही, असाच, उघड्यावर. तळवा कोरडा होता. त्यांची बोटं आपोआप तिच्या बोटांवरून फिरली, एक, दोन, पुढचं, अंगठा, काही दाबलं जातं का ते बघत. तिचं एकही बोट हललं नाही. हात नुसता त्यांच्या हातात होता, आणि रुपराव तो धरून बसून राहिले.